चार बोटं वर

गवती चहा कापायचा तो बुंध्यापासून चार बोटं वर. डाव्या हाताची चार बोटं आडवी मातीला टेकवायची आणि त्यांच्या वर कात्री चालवायची. माझ्या बायकोनं मला एवढंच बागकाम शिकवलं. सकाळी दूध तापत ठेवून ती म्हणायची, "चार पाती आणा," आणि मी जिना चढून गच्चीवर जायचो. वर गेलो की बोटं टेकवायचो, कापायचो आणि खाली यायचो. पाणी घालणं, माती हलवणं, पिवळी पाती काढणं हे सगळं तिचं. मला त्याची कधी चौकशी करावीशी वाटली नाही. चहा मिळत होता.

थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या बाजूला आमची तीन मजली इमारत आहे. आम्ही सगळ्यात वर. गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, रंगाची वीस लिटरची रिकामी बादली होती आणि त्या बादलीत तो गवती चहा. बादलीच्या तळाला खिळा तापवून पाडलेली भोकं होती. ती कोणी पाडली हेही मला ठाऊक नाही. पाती माझ्या कमरेपर्यंत यायची. वारा आला की ती सगळी एका बाजूला कलायची आणि बादली जड होती म्हणून तेवढ्यावर निभायचं.

बायकोला जाऊन आता दीड वर्ष होईल. आजार लांबला होता, त्यामुळे लोक म्हणाले, तयारी झाली असेल तुमची. मी मान हलवली. अशी तयारी होत नसते, पण ते सांगत बसण्याचा माझा स्वभाव नाही. मी पिंपरीतल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गात जेवढं बोललो तेवढंच आयुष्यात बोललो असं ती म्हणायची.

ती बोलायची ते तळमजल्यावरच्या बाईशी.

ही बाई इथल्या जुन्या शेतकरी घरातली. आमची इमारत उभी आहे ती जागा एके काळी तिच्या सासऱ्याची. नवरा कधीच वारला; मुलगा चाकणला कंपनीत, त्याच्या शिफ्टप्रमाणे तिचं घर उठतं आणि झोपतं. मुलगा दुपारपाळीला गेला की ती मोकळी. आमची ओळख निळ्या झेंड्याखालची, तिची गावच्या देवळातली. पण ते दोघींच्या आड कधी आलं नाही. रोज तीन वाजता बायको दोन कप घेऊन खाली उतरायची आणि पाच वाजता रिकामे कप घेऊन वर यायची. त्या दोन तासांत काय व्हायचं ते मी कधी विचारलं नाही. "काय बोलता इतकं?" असं एकदा म्हणालो होतो. "तुमच्याबद्दल नाही, काळजी करू नका," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मला त्या बाईचा मत्सर वाटायचा. हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. आधी मी "राग" लिहिला होता, मग "संकोच" लिहून पाहिला. दोन्ही खोटे होते.

बायको असेपर्यंत तो मत्सर लहान होता, खिशातल्या चिल्लरसारखा, मधूनच हाताला लागणारा. तो वाढला दवाखान्यात. शेवटच्या आठवड्यात तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. मी औषधांच्या रांगेतून परत आलो तर ती बाई खाटेशेजारी स्टुलावर बसलेली. गवती चहाचं एक पान चुरगाळून तिनं बायकोच्या नाकाशी धरलं होतं. बायकोचे डोळे मिटलेले होते. "बरं वाटतंय गं," ती म्हणाली. किती दिवसांनी मी तिच्या तोंडून ते शब्द ऐकत होतो! पण ते मला म्हटलेले नव्हते. मी औषधांची पिशवी हातात धरून दारातच उभा राहिलो. वास माझ्यापर्यंत येत होता. रोज सकाळी गच्चीवर जाऊन पाती कापणारा मी, आणि पान न्यायचं सुचलं तिला.

बायको गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती बाई पांढरी साडी नेसून आमच्या बायकांत येऊन बसली. पांढरी नेसायची हे तिला कोणी सांगितलं? बायकोनंच कधीतरी सांगितलं असणार. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा ती हात जोडून होती आणि नंतर ती मोठ्यानं रडली, अगदी मोकळ्या गळ्यानं. माझ्या एका चुलत भावानं तिला विचारलं, "बहीण का तुम्ही?" ती म्हणाली, "व्हय." मी समोरच्या सतरंजीवर कोरड्या डोळ्यांनी बसलो होतो. त्या क्षणी मला बायको गेल्याचं जेवढं दुःख होतं, जवळजवळ तेवढाच त्या रडण्याचा हेवा वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

उन्हाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं. जिन्यात कागद लागला: गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या रविवारपर्यंत हलवाव्यात. शुक्रवारी ती बाई वर आली.

"सर, बादली मी खाली घेते. पोरगं शिफ्टवरनं आलं की आमी दोघं उतरवतो. माझ्या दारात ऊन बी हाय."

"नको. मी बघतो."

"तुमी काय बघता? तिला उचलायला दोन गडी लागत्यात."

"बादली उचलायचीच नाही. मी कांड्या घेणार आहे. पाण्यात ठेवून मुळं काढणार."

तिनं गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कांड्या घ्या की. पण बादली टाकू नका. ताईंची हाय ती."

"कोणाची आहे ते मला माहीत आहे," मी म्हणालो.

ती खाली गेली. खाली जाण्याआधी ती वर गच्चीकडे वळली होती हे मला पावलांवरून कळलं. पण मी दार लावून घेतलं.

आता माझी बाजू सांगतो. आठवीला मी दरवर्षी शाकीय प्रजनन शिकवायचो. उसाचं कांडं आणून, त्यावरचा डोळा दाखवून, मुलांना सांगायचो की खोडाच्या पेरापाशी मुळं फुटतात. गवत हे उसाच्याच नात्यातलं. बारमाही गवताची कांडी पाण्यात ठेवली की मूळ धरते, हे मी शेकडो मुलांच्या वह्यांत तपासलेलं वाक्य. बादली दुसऱ्याच्या दारात, आणि तेही तिच्या दारात, जाऊ देण्यापेक्षा पाच-सहा कांड्या माझ्या खिडकीत जगवणं मला जास्त योग्य वाटलं. माझ्या घरात, माझ्या हातानं. तिचं जे काही उरलं होतं त्यातलं एवढं तरी फक्त माझं असावं, इतकीच माझी इच्छा होती.

शनिवारी सकाळी मी कात्री घेऊन वर गेलो. बादलीतलं बरंचसं वाळलेलं होतं. बायको गेल्यापासून पाणी मी घालत होतो, पण मधला महिनाभर मुलीनं मला सांगवीला तिच्याकडे नेलं होतं आणि पाणी घालायला मी कोणालाच सांगितलं नव्हतं. हिरवे असे सहा बुंधे उरले होते. मी डाव्या हाताची चार बोटं मातीला टेकवली आणि सहाही बुंधे नीट, एका उंचीवर कापले. वरची पाती अर्धी छाटली. पाणी उकळून गार केलं. काचेच्या दोन ग्लासांत तीन-तीन ठेवून ग्लास पूर्वेच्या खिडकीत मांडले. रोज सकाळी पाणी बदलायचो आणि चष्मा लावून तळाशी बघायचो.

गच्चीवर मंगळवारी माणसं आली. बुधवारी मी वर गेलो तेव्हा टाकीशेजारची जागा मोकळी होती.

"इथं एक बादली होती," मी म्हणालो.

"ती व्हय? राड्यारोड्यात गेली, काका," त्यांच्यातला एक म्हणाला. "वाळलेलं होतं सगळं. नुसते खुंट."

नुसते खुंट. हिरवं जे होतं ते मीच कापून नेलं होतं, मग त्या माणसाला दुसरं काय दिसणार?

माझ्या ग्लासातल्या कांड्या पहिले पाच दिवस हिरव्या होत्या. मग खालून तपकिरी झाल्या. पाण्याला वास यायला लागला. एक-एक थर सुटून गळायला लागला, कांद्याच्या पातीसारखा. मी ग्लास बदलले, खिडकी बदलली, नळाचं पाणी, फिल्टरचं पाणी, सगळं करून पाहिलं. दोन आठवड्यांनी माझ्याकडे दोन स्वच्छ धुतलेले रिकामे ग्लास होते.

आणि पहिल्या मजल्याकडे वळणाऱ्या जिन्याच्या खिडकीत, थंड पेयाच्या कापलेल्या दोन बाटल्यांत, तिच्या कांड्या उभ्या होत्या. त्या शुक्रवारी गच्चीवर वळली होती तेव्हाच तिनं नेल्या असणार. मी दूध आणायला जाताना बाटल्यांकडे न बघता उतरायचो आणि येताना बघायचो. आधी बुंध्याच्या तळाशी पांढरे ठिपके आले. चार दिवसांत त्यांच्या दोऱ्या झाल्या. मग बाटलीचा तळ दिसेना, इतकी मुळं. उन्हात ती अशी स्वच्छ पांढरी दिसायची की जणू एखाद्या म्हाताऱ्या माणसानं नुकतंच न्हाऊन केस मोकळे सोडलेत. पाणी बदलायला ती कधी येते हे मला कधी दिसलं नाही. मी दिवसातून तीनदा बघत होतो.

मुलीशी फोनवर बोलताना मी चुकून बोललो.

"पप्पा, गवती चहा भाजीवाल्याकडं मिळतो. जुडीच्या जुडी."

"तो तिचा नाही."

"मग काकूंकडून घ्या ना एक. त्यांच्याकडचा आईचाच आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पप्पा? तुम्ही आठवीतल्या पोरासारखं भांडताय त्यांच्याशी."

"मी कुठं भांडतोय?"

"तेच तर म्हणते. भांडा तरी. तुम्ही नुसतं फुगून बसता."

मी फोन ठेवला. एक मागून घ्यायची, इतकं साधं होतं. पण मागायचं म्हणजे माझ्या बायकोची वस्तू दुसऱ्या कोणाची आहे हे कबूल करायचं. ते माझ्याच्यानं होईना.

म्हणून मी एक चोरली.

दुपारचे चार वाजले होते. ती भाजीला गेलेली मी खिडकीतून पाहिली. जिन्यात कोणी नव्हतं. एका बाटलीतली कांडी मी वर ओढली तर बाकीच्याही तिच्याबरोबर यायला लागल्या. मुळं एकमेकींत गुंतली होती. मी ती सोडवत बसलो. अठ्ठावीस वर्षं कॉपी पकडणारा माणूस. काही मुळं तुटली, काही आली. कांडी वर्तमानपत्रात गुंडाळून, बगलेत धरून, पुस्तक घेऊन चालल्यासारखा मी वर आलो.

आणि पुढचा मूर्खपणा तर आणखी मोठा. ती अधूनमधून वर यायची, कधी भाकरी, कधी पिठलं द्यायला. तिला कुंडी दिसली असती. म्हणून मी ती आतल्या खोलीत, पुस्तकांच्या दोन कपाटांच्या मधे ठेवली. तिथे उत्तरेची लहानशी खिडकी आहे, तीही अर्धी झाकलेली. मी रोज भरपूर पाणी घातलं. चोरीच्या वस्तूचे लाड जास्त होतात बहुतेक. पंधरा-वीस दिवसांत ती पिवळी पडली आणि एका सकाळी हात लावला तर बुंधा मऊ होऊन हातात आला.

त्या दिवशी मी तीन वाजता खाली उतरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तीन वाजता.

ती दारात तांदूळ निवडत बसली होती. दाराच्या उजव्या हाताला, उन्हात, एक नवी पांढरी बादली. तिच्यात मूळ धरलेल्या कांड्या लावलेल्या. मधोमध नवे कोंब आले होते. अजून पाती गुडघ्याएवढीच होती, पण मला वास आला.

"या सर," ती म्हणाली. उठली नाही. जणू मी रोज येतो.

"माझ्या कांड्या कुजल्या," मी म्हणालो. "सगळ्या. पाणी रोज बदललं. ऊन होतं. का कुजल्या तेवढं सांगा."

"कुठनं कापल्या हुत्या?"

"चार बोटं वर. तिनंच शिकवलं होतं मला."

तिनं सूप खाली ठेवलं आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी थांबेना.

"हसू नका हो," मी म्हणालो.

"सर, ते तुमच्यासाठी हुतं!"

"म्हणजे?"

"अवो, तुमी एकदा समदा गड्डा उपटून आनला हुता न्हाई का? नवीनच लावला हुता तवा. ताईंनी दोन पाती मागितली, आन तुमी मुळासकट आनला. वर परत धुऊन, स्वच्छ करून वट्यावर ठिवला. ताई म्हनायच्या, मास्तरांना मुळं दिसली की दाखवायची लई हौस. त्या दिसापास्नं तुमाला चार बोटांचा कायदा. त्या सवता कवाच वरून कापायच्या न्हाईत."

मला ते काहीच आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. माझ्या हातून घडलेली गोष्ट, माझ्याच स्वयंपाकघरात, आणि ती जपून ठेवलेली होती तळमजल्यावर.

"मग ती कशी काढायची?"

"हिकडं बसा. खाली बसा."

मी बादलीशेजारी फरशीवर बसलो. तिनं एका जाड बुंध्याकडे बोट दाखवलं. "अगदी मातीत बोटं घालून धरा. पिळा जरा. आता बाहेरच्या बाजूला वढा. वर न्हाई, बाहेर."

पहिल्यांदा नुसती पाती हातात आली. "अवो, गाईचं शेपूट न्हाई ते," ती म्हणाली. दुसऱ्यांदा मी खोल धरलं आणि पिळलं. आतून बारीकसा "कट्" असा आवाज झाला आणि बुंधा सुटून आला. तळाशी गाठ होती, आल्याच्या तुकड्यासारखी, फिकट गुलाबी.

"ही बघा. मुळं हितनं निघत्यात. वरचं समदं नुसतं पान हाय, गुंडाळल्यालं."

पान, गुंडाळलेलं. मी आयुष्यभर ज्याला खोड समजून कापत होतो ते खोड नव्हतंच. पेर होतं ते मातीलगत, माझ्या चार बोटांच्या खाली. मी तो बुंधा हातात फिरवत राहिलो. शिकवताना मी ऊस दाखवायचो, कारण उसाची पेरं दिसतात. हे गवत मी कधी उलटं करून पाहिलंच नव्हतं.

"ती जगली का?" तिनं तांदळातला खडा बाजूला टाकत विचारलं.

"कोणती?"

"नेल्याली."

मी हातातल्या गाठीवरची माती झटकली. "नाही."

"मला वाटलंच. घरात दडवून ठिवली असंल." एवढंच म्हणून तिनं सूप पाखडलं.

मी उठायला हवं होतं. काम झालं होतं. पण मी बसलो. खाली बसून वर बघितलं की इमारतीचा जिना वेगळाच दिसतो; माझ्या दाराचा कोपरासुद्धा तिथून दिसतो हे मला ठाऊक नव्हतं.

"अजून काय सांगायची ती माझ्याबद्दल?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. चेष्टा करावी की नाही याचा अंदाज घेत असावी. मग सांगायला लागली. मी दाढी करताना गुणगुणतो आणि सूर सारखा एकाच जागी घसरतो. ताप आला की मी झोपेत प्रश्नपत्रिका सांगतो. मला आवडत नाही म्हणून घरात कारलं होत नाही. बायकोला ते फार आवडायचं, म्हणून ती इथं, या दारात बसून खायची. "आठवड्यातनं एकदा तरी करायची मी त्यांच्यासाठी," ती म्हणाली. आणि तिनं सूप पुन्हा हलवलं.

कारलं मला आवडत नाही हे मी एकदाच, लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणालो होतो.

"अजून?" मी म्हणालो.

"अजून लई हाय. पण ते न्हाई सांगायची."

"का?"

"ताईंनी सांगितलंय, सरांना सांगू नको म्हनून."

"पण आता ती..."

"म्हनून तर," ती म्हणाली.

घासाघीस करून मिळण्यासारखं ते नव्हतं, आणि मागणारा मी, आदल्याच महिन्यात तिची कांडी चोरलेला. मी बुंधा घेऊन उठलो. "पाती छाटा, गाठ बुडंल एवढंच पाणी ठिवा, जास्त नगं," ती मागून म्हणाली.

ग्लास मी पुन्हा पूर्वेच्या खिडकीत ठेवला. गाठ बुडेल एवढंच पाणी. पहिले सहा दिवस काही झालं नाही, पण कुजलंही नाही. बादलीतून जे काही वाचलं ते तिच्या हातानं वाचलं, हे मला रोज सकाळी पाणी बदलताना आठवायचं. मत्सर गेला म्हणून सांगितलं तर वाचायला बरं वाटेल. तो गेला नाही. उलट आता मला त्याचं नेमकं माप कळलं होतं: रोजचे दोन तास, वर्षानुवर्षं, आणि त्यातल्या चारच गोष्टी माझ्या वाट्याला आलेल्या.

नवव्या दिवशी गाठीच्या एका बाजूला पांढरं टोक दिसलं. तांदळाच्या कणीएवढं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बोट लावणार होतो, लावलं नाही. ग्लास उचलून उन्हाकडे धरला तर दुसऱ्या बाजूलाही एक होतं, अजून कातडीच्या आत, बाहेर पडायच्या बेतात. मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. दूध उतू गेलं ते वासावरून कळलं.

तेवढ्यात खालून हाक आली. ती अंगणात उभी होती, कमरेवर हात ठेवून, मान वर करून.

"सर! आली का मुळी?"

मी ग्लास खिडकीतून जरा आत घेतला.

"अजून नाही," मी वरून म्हणालो.